ढोल थांबवू नका

अण्णा,

तुझ्यासाठी दगड आणायला चिकोडीला गाडी गेली होती. पाथरवटानं त्यावर पादुका कोरल्यात आणि कडेनं वेल काढलीय. माळावर बिरोबाच्या देवळाशेजारी, लिंबाखाली तुझं ठाणं मांडायचं, दर अमावास्येला तिथं ढोल वाजवायचा, असं गावानं तुझ्या तेराव्यालाच ठरवून टाकलं. बिराप्पा धनगर आणि चार जाणती माणसं माझ्याकडं आली, ती परवानगी मागायला आली नव्हती. पहिला नारळ मी कधी फोडणार, तेवढं विचारायला आली होती. भाऊ म्हणून तो मान माझा. ‘सोमवारी माळावर सांगतो,’ एवढंच मी म्हणालो.

सोमवार होऊन गेला. मी तिथं काय बोललो ते तुला सांगायचं आहे. पण नुसतं तेवढं सांगून भागणार नाही. आपण दोघं एका घरात इतकी वर्षं राहिलो. आई गेली, माझी बायको गेली, पोरगी संकेश्वरला नांदायला गेली आणि मग दोघंच उरलो. एकमेकांच्या भाकरी थापल्या. आणि ह्या एका गोष्टीवर कधी बोललो नाही. मी विषय काढायला घसा खाकरला की तू उठून गोठ्याकडं जायचास. आता जाणार नाहीस, म्हणून बोलतो.

बसऱ्याच्या आघाडीवरून तू परत आलास तेव्हा मी निपाणीच्या शाळेत नुकताच ड्रिल मास्तर म्हणून लागलो होतो. शिकलो होतो तुझ्या पलटणीतल्या पगारावरच. जर्मनच्या लढाईतून माझा भाऊ येणार, म्हणून पोरांना तुझ्या शौर्याच्या गोष्टी मी आधीच सांगून ठेवल्या होत्या, त्याही मनच्या. तू आलास. हातपाय धड, अंगावर ओरखडा नाही. आईनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि म्हणाली, "सुटलं बाई माझं लेकरू."

मग एक दिवस आपण तंबाखू घेऊन वखारीत गेलो. हमालानं वरून गाठोडं आदळलं आणि तू भिंतीला चिकटलास. आधी तुझी मान ताठली. मग श्वास गळ्याशी येऊन अडकला. बोटांची टोकं पांढरी पडली आणि गुडघ्यांपासून थरथर निघाली ती दातांपर्यंत चढली. तू माझ्याकडंच बघत होतास, पण तुला मी दिसत नव्हतो. हमाल हसला. "शिपायगडी नव्हं का तू? आणि गाठोड्याला भ्यालास व्हय?" मला लाज वाटली. तुझी. हे आज पहिल्यांदाच लिहितोय. मी शाळेतल्या आवाजात ‘सावधान’ म्हणून ओरडलो. पलटणीची सवय, तू उभा राहिलास. टाचा जुळलेल्या, छाती पुढं, आणि दात वाजतायत. तसं ते बघणं जास्तच वाईट होतं.

पण मी हट्टी. शिकताना शरीरशास्त्राच्या पुस्तकात मज्जातंतूंवर एक धडा होता. अंगभर तारायंत्रासारख्या तारा पसरलेल्या असतात आणि मेंदूकडून हुकूम सुटतात, असं त्यात होतं. मला ते फार पटलं होतं. म्हणून रोज सकाळी परसात तुला उभा करायचो. हात सरळ, नजर समोर, हलायचं नाही. माझं म्हणणं, शरीर हुकूम मानायला शिकलं की तारा गप्प होतील. तू ऐकायचास बिचारा. धाकट्या भावाच्या शिट्टीवर उभा राहायचास आणि एक दिवस म्हणालास, "मास्तर, पुणे-बंगलोर रस्त्याला ते तारेचं खांब हायत बघ. वारं सुटलं की तारा गुणगुणत्यात. तू जाऊन खांबाला मिठी मार आणि बघ गप्प बसत्यात का."

मी म्हणालो, "मग काय करायचं?"

"मला ठावं असतं तर तुझी शिट्टी ऐकत हुबा ऱ्हायलो असतो व्हय?"

ते तुला माळावर कळलं, आणि तेही आपण होऊन. आपण बाजार करून परत येत होतो. बिरोबाच्या देवळापुढं धनगर जत्रेसाठी गजा नाचाचा सराव करत होते. मध्ये ढोल आणि झांजा, भोवती रिंगण, प्रत्येकाच्या हातात रुमाल. तेवढ्यात रस्त्यावर एका मोटारीनं फटाक्यासारखा आवाज काढला. तुझी मान ताठली. मी शिट्टीसाठी खिशात हात घातला. पण तू चालत रिंगणात गेलास. मी आजही सांगू शकत नाही की तू गेलास की तुझे पाय गेले. ढोल तेव्हा जलद चालला होता. तुझी थरथर आणि तो ढोल एकाच वेगात होते, आणि ज्यानं तुला वखारीत भिंतीला खिळवलं होतं, तेच तिथं पाऊल होऊन बाहेर पडत होतं. धनगरांनी काही न विचारता जागा केली. एकानं स्वतःचा रुमाल तुझ्या हातात दिला. मग बिराप्पानं ढोल हळू केला, आणखी हळू केला, आणि मी बघितलं की तुझे खांदे खाली आले. तू शिंकलास. कपाळाचा घाम पुसलास आणि मला म्हणालास, "भूक लागलीया रं."

घरी येऊन तू जेवलास तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आई चुलीपुढं बसून नुसती बघत राहिली.

ते वर्ष आपल्या घरातलं चांगलं वर्ष होतं. तू शेतात जायला लागलास. कुळव धरलास. भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचास, तो आडवा होऊन झोपायला लागलास. आठवड्यातनं एखादा दिवस माळावर जायचास आणि मीही मागून यायचो, आधी राखणीला आणि मग आवडीनं. तू मला सांगायचास, कसं ते. "सुरुवातच हळू केली की काय बी हुत न्हाय. बैल बिथरला की त्याला थांब म्हणून थांबतो व्हय? त्याच्या संगं पळावं लागतंय. चार पावलं पळायचं, मग कासरा आवळायचा. बिराप्पा आधी माझ्याबरोबर पळतो. मग मला घेऊन सावकाश चालतो." एकदा तू माझा हात ओढून पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये ठेवलास आणि तसाच नाचलास. मी तुझ्या मागं मागं फिरत होतो, पोरं हसत होती. पण मला हाताखाली कळलं. कासावीस होऊन फडफडणारं काहीतरी होतं, ते ढोलाबरोबर पाठीवरून कमरेत आणि कमरेतून पायांत उतरत गेलं, आणि शेवटी हाताखाली फक्त तुझा श्वास राहिला, लांब आणि संथ. पुस्तकातल्या धड्यानं जे मला नुसतं पाठ करवलं होतं, ते त्या दिवशी हातानं वाचलं. तुझ्या पाठीनं मला दिलेलं ते देणं आहे. त्याची मी काय परतफेड केली ते पुढं आहे.

तुझं लग्न जमत आलं होतं. मुलीचा मामा बुधवारी यायचा तो मंगळवारीच आला, आणि घरी कुणी नाही म्हणून विचारत विचारत माळावर आला. त्या दिवशी तुझं थरथरणं फार वर चढलं होतं. सकाळी शेजारच्या विहिरीवर सुरुंग लावले होते. मामानं बघितलं ते असं: होणारा जावई धनगरांच्या रिंगणात, फेटा सुटलेला, डोळे अर्धे मिटलेले, जबडा लटलटतोय.

"ह्यो काय परकार म्हणायचा?" मामा म्हणाला. "गडी येडा झालाय काय?"

भोवती गावातली माणसं होती. ती सगळी माझ्याकडं बघायला लागली. मी सांगू शकलो असतो की हा लढाईतून आलाय, ह्याचं अंग अजून तिथंच आहे, थोडं थांबा, आता ढोल हळू होईल आणि हा तुमच्याशी नीट बोलेल. ते सगळं मला ठाऊक होतं. पण मला लाज झाकायची होती आणि हाताशी होतं ते उचललं. मी म्हणालो, "येडा न्हाय. देव येतो त्याच्या अंगात."

मामानं पायातल्या वहाणा काढल्या. आणि बिराप्पानं ते ऐकून हात वर केला आणि ढोल थांबवला.

देव बोलणार असला की ढोल थांबतो. ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. भाकणूक ऐकू आली पाहिजे, म्हणून सगळं माळरान गप्प होतं. बिराप्पाचं त्यात काही चुकलं नाही. पण तू तेव्हा अर्ध्या वाटेवर होतास. बैल पळत सुटला होता, आणि बरोबर पळणारा माणूसच थांबला.

मामानं हात जोडून विचारलं, "देवा, आमच्या हिरीला पाणी लागंल का?"

तू त्याच्याकडं बघितलं नाहीस. माझ्याकडं बघितलंस. तुला काही समजत नव्हतं, दात वाजत होते, आणि हे काय चाललंय ते तू मला नजरेनं विचारत होतास. मी मान हलवली, हो म्हण म्हणून.

"लागंल," तू म्हणालास.

आणि पाणी लागलं, अण्णा. न लागतं तर बरं झालं असतं. मामा पेढे घेऊन आला आणि लग्न मोडून गेला. "देवाच्या माणसाला पोरगी देऊन पाप कशाला पदरात घ्यायचं?" म्हणाला. ज्या लग्नासाठी खोटं बोललो, ते त्याच खोट्यानं गेलं. ती मुलगी कशी होती ते तू कधी विचारलं नाहीस. मी तिला एकदा बघितलं होतं. सावळी होती, हसरी होती.

त्यानंतर तू रिंगणात पाऊल टाकलंस की माणसं नारळ घेऊन उभीच असायची. तुझी थरथर वर चढली की ढोल बंद. मेख अशी, की ज्या क्षणी तुला ताल पाहिजे, नेमका त्याच क्षणी तो काढून घेतला जायचा. एकदा तू बिराप्पाचे हात धरलेस. "थांबवू नका रं, पाया पडतो, ढोल थांबवू नका," म्हणालास. माणसांनी एकमेकांकडं बघितलं, आणि कुणीतरी हळूच बोललं, "यंदा पाऊस थांबायचा न्हाय." त्या साली वेदगंगेला पूर आला. मग तुला कोण सोडतंय?

मी तेव्हाही बोललो नाही. का, ते सांगतो. मला गावात लोक जागा करून द्यायला लागले होते. पंगतीत पहिलं पान माझं. शाळेत तक्रार घेऊन येणारा बाप माझ्यापुढं आवाज चढवत नसे. देवाचा भाऊ म्हणून मिळालेलं हे सगळं मी खाल्लं, आणि मला ते गोड लागलं.

तू चेष्टा करून निभावत होतास. एकानं हरवलेली म्हैस कुठं आहे म्हणून विचारलं. घरी येऊन तू म्हणालास, "मला ठावं असतं तर मीच नसतो का तिचं दूध काढलं?" पण पुढं पुढं तू माळावर जाणं टाळायला लागलास आणि थरथर पुन्हा दातांपर्यंत चढायला लागली. मग मी घरातच घागर पालथी घालून वाजवायला बसलो. तुला बरं वाटावं म्हणून, आणि मला बरं वाटावं म्हणूनही. तू दोन-चार फेऱ्या मारल्यास आणि थांबलास.

"तू मोजतोस रं."

"मोजल्याशिवाय ताल कसा धरायचा?"

"बिराप्पा माझ्या पायाकडं बघून वाजवतो. तू तुझ्या कवायतीकडं बघून वाजवतोस."

मी चिडलो. म्हणालो की मी बैलगाडी ओढल्यासारखा दिवसभर शाळा करून येतो आणि तुला हे नखरे सुचतात. तू घागर उचलून पाणवठ्याकडं गेलास. ते भांडण आपण पुढं अनेकदा केलं, घागर नसतानाही. मी म्हणायचो मन घट्ट कर, तू म्हणायचास घट्टच झालंय, तेच तर दुखणं हाय. त्याचा निकाल लागला नाही. आता लागणार नाही. तू बरोबर होतास असं मी आज म्हटलं तर ते समोर कुणी नसताना हार मानण्यासारखं आहे, पण म्हणतो.

शेवटच्या तापात तू बोलत नव्हतास. पण घोंगडीखाली तुझे पाय हलत होते. एक पाय, मग दुसरा, मध्ये थोडं थांबून पुन्हा. मला वाटलं वेदना होतायत, म्हणून मी ते दोन्ही हातांनी धरून ठेवले. बराच वेळ धरून ठेवले. ते शांत झाले तेव्हा मला बरं वाटलं. आता रोज तोच विचार येतो, की तू तेव्हा रिंगणात तर नव्हतास? मी पुन्हा एकदा ढोल थांबवला का?

म्हणून सोमवारी माळावर गेलो.

गाडीत दगड होता, बैल सोडून बाजूला बांधले होते. बायाबापड्या हळदकुंकू घेऊन आल्या होत्या. मी म्हणालो, "ह्याच्या अंगात देव नव्हता. लढाईतली भीती होती. ती अंगात घुसून बसली होती आणि नाचला की तेवढी उतरायची. देव येतो असं मी मामाला खोटं सांगितलं. तुम्ही माझ्या भावाला देव करू नका."

कुणी ओरडलं नाही. मागून एकजण म्हणाला, "मास्तर दुःखात हाय, कायबी बोलतंय." दुसरा म्हणाला, "मग हिरीचं पाणी काय खोटं हाय व्हय?" थोडे हसले. काही बाया ताटं झाकून निघाल्या.

बिराप्पा ढोल गळ्यात अडकवून उभा होता. तो माझ्याजवळ आला. आता त्याचेही केस पांढरे झालेत. "म्हंजे मी ढोल थांबवत हुतो तवा..." 

"व्हय," मी म्हणालो. "तेव्हाच त्याला तो पाहिजे होता."

त्यानं ढोल उतरवून जमिनीवर ठेवला. "मला सांगायचंस की रं मास्तर. वाजवला असता. हात गळून पडंस्तवर वाजवला असता."

एवढं सोपं होतं ते. एका माणसाला एक वाक्य सांगायचं होतं, आणि त्यासाठी माझ्याकडं वीस वर्षं होती.

माणसं पांगली. मी गाडीच्या चाकाशी उभा होतो, तेव्हा गंगाक्का आली. तिचा शंकर माझ्याच हाताखाली लेझीम शिकला. बेळगावात नव्या लढाईसाठी पुन्हा भरती सुरू झाली तसा तो पलटणीत गेला. आता बोटीनं कुठंतरी गेलाय, कुठं ते तिला माहीत नाही. माझ्याच कवायतीतली कितीतरी पोरं गेलीत.

"मास्तर," ती म्हणाली, "माझं पोरगं असं थरथरत आलं, तर मी त्याला काय म्हणू? देव म्हणू नगं म्हणता, येडा तर मी म्हणायची न्हाय."

मी म्हणालो, "काही म्हणू नका. त्याला विचारा, बाबा तुला काय होतंय. आणि तो सांगेल ते ऐका."

ती म्हणाली, "तुम्ही इचारलं व्हतं व्हय अण्णास्नी?"

"न्हाय," मी म्हणालो.

तिनं पदर सावरला आणि गेली. रागावली नव्हती. तिला जे पाहिजे होतं ते मिळालं होतं, आणि तिला घरी काम होतं.

दगड अजून गाडीतच आहे. उद्या गाव माझ्याशिवाय तो मांडेल, किंवा नाही मांडणार. मी नारळ फोडणार नाही, एवढं माझ्या हातात आहे. गावानं तुला पावसाचं विचारलं, म्हशीचं विचारलं, पोरींच्या लग्नाचं विचारलं. मी तुला उभं राहायला सांगितलं, मन घट्ट करायला सांगितलं, हो म्हणायला सांगितलं. तू आपणहून बोललास तेवढं ऐकलं. पण तुझ्यासमोर बसून मी कधी काही विचारलं नाही.

आता संध्याकाळ झालीय. गुरांना वैरण टाकली. दार उघडं आहे आणि मला कुठं जायचं नाही.

अण्णा, काय होत होतं रं तुला?